चूल धुमसते का आणि भाकरी फुगते कशी

चूल म्हटली की धूर आलाच, असं गृहीत धरून बरेच जण चुलीपाशी बसतात. फुंकायचं, डोळे पुसायचे, पुन्हा फुंकायचं. पण धूर म्हणजे न जळलेलं लाकूड. लाकूड तापून २५०-३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की त्यातून वायू सुटू लागतात, आणि आपण ज्याला जाळ म्हणतो तो या वायूंचाच असतो. वाळलेल्या लाकडाच्या वजनातला सुमारे तीन चतुर्थांश भाग असा वायू होऊन निघून जातो. मागे राहतो तो कोळसा, म्हणजे आपला निखारा. या वायूला हवा आणि धग दोन्ही पुरेशी मिळाली तर तो जळतो. त्यातलं एक जरी कमी पडलं तर तोच वायू डोळ्यांत जातो, पातेल्याच्या बुडाला काजळी होऊन बसतो आणि आढ्याला चिकटतो. जेवढा धूर दिसतो तेवढं सरपण वाया. चुलीवर स्वयंपाक शिकायचा तर आधी हा हिशेब डोक्यात बसवा, मग बाकीच्या गोष्टी आपोआप सुचत जातात.

सुरुवात सरपणापासूनच होते. नुकत्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. फाटी करून, सावलीत वारा लागेल अशी रचून एक उन्हाळा काढला की ते १५-२० टक्क्यांवर येतं. एक किलो पाण्याची नुसती वाफ करायला साधारण २,२६० किलोज्यूल उष्णता लागते. ही सगळी उष्णता पातेल्याला मिळायची ती लाकूड वाळवण्यात जाते. पण खरं नुकसान त्याहून मोठं आहे. ही वाफ चुलीचं पोट थंड ठेवते, त्यामुळे सुटलेले वायू पेटतच नाहीत. म्हणून ओलं लाकूड नुसतं कमी जळत नाही, ते शेजारच्या वाळक्या लाकडाचाही धूर करतं.

लाकूड वाळलंय का, हे ओळखायला कुठलं यंत्र लागत नाही. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज यावा. थप्प असा बसका आवाज आला तर अजून ओलावा आहे. टोकाला मधून बाहेर जाणाऱ्या बारीक चिरा दिसल्या पाहिजेत. साल नखानं सुटली पाहिजे. आणि चुलीत घातल्यावर मागच्या टोकातून फेस येऊन सूं सूं आवाज येत असेल, तर ते लाकूड बाहेर काढून ठेवा आणि पुढच्या महिन्यात वापरा.

सरपण तीन जाडीचं हवं: करंगळीएवढ्या काटक्या, अंगठ्याएवढ्या फांद्या आणि मनगटाएवढ्या फाटी. मनगटापेक्षा जाड ओंडका घरच्या चुलीत घालूच नये. तो बाहेरून जळतो, आतून धुमसतो. वैशाखात फोडून, खाली दगड किंवा दोन आडवी लाकडं ठेवून, साल असलेली बाजू वर करून रचली की पावसाळाभर पुरतात. पावसात उद्याचं सरपण आज रात्री चुलीजवळ आणून ठेवायचं, पण हातभर अंतर ठेवून. चुलीला टेकवून ठेवलेल्या फाटी रात्रीतून पेट घेऊ शकतात.

कोणतं लाकूड कशाला, हे ज्याच्या त्याच्या मुलखावर असतं. देशावर बाभळीला तोड नाही: जड, सावकाश जळणारी, आणि मागे टणक, दीर्घकाळ टिकणारे निखारे सोडणारी. सुबाभूळही चांगली, चिंच तशीच पण फोडायला अवघड. आंबा पूर्ण वाळला तरच घ्यावा. शेवगा, पांगारा ही पोकळ, हलकी लाकडं. भुर्रकन जळतात आणि निखारा म्हणून काही उरत नाही. तुराट्या (तुरीची वाळकी झाडं) आणि पऱ्हाट्या (कपाशीची) पेटवायला आणि झटपट मोठा जाळ करायला उत्तम, पण त्यांच्यावर डाळ शिजवायला बसलं तर दर दोन मिनिटांनी हात चुलीतच. कोकणात करवंट्या तापट जळतात. नारळाची सोडणं मात्र पूर्ण वाळलेली नसतील तर नुसता धूर करतात. गोवरी मंद, एकसारखी धग देते, म्हणून दूध आटवायला किंवा रात्रभर विस्तव राखायला ती हवी. जाळ म्हणून ती लाकडापेक्षा कमी पडते आणि धूरही जास्त करते.

काही लाकडं चुलीत कधीच घालू नयेत. कण्हेर विषारी आहे. तिची काडी भाजायला सळई म्हणूनही वापरायची नाही. बिब्ब्याच्या चिकानं अंगावर फोड येतात आणि त्याचा धूरही तितकाच वाईट. निवडुंग, शेर यांसारखी चिकाची झाडं टाळावीत. प्लायवूड, रंग दिलेल्या चौकटी, पेटी-फळ्यांवरचे प्लास्टिकचे तुकडे यांतून निघणारा धूर विषारी असतो आणि भाकरी त्याच जाळापुढे उभी असते. बांबू चालतो, पण पेरं फोडून. बंद पेरातली हवा आणि वाफ तापून फटाक्यासारखी फुटते आणि निखारे उडतात.

आता चूल. बाजारात सिमेंटच्या, पत्र्याच्या मिळतात, पण मातीची घरी घालता येते आणि तिची मापं आपल्या भांड्यांवरून ठरवता येतात, हा मोठा फायदा. चार-पाच माणसांच्या घराला २२ ते २४ सेंटिमीटर बुडाचं पातेलं बसेल अशी चूल पुरते. माती चिकण घ्यावी. वारुळाची मिळाली तर फारच छान, ती बारीक आणि चिकट असते. तीन घमेली मातीला एक घमेलं ताजं शेण आणि एक घमेलं गव्हाचा भुसा किंवा भाताचं तूस. भुसा भेगा धरून ठेवतो, आणि पुढे जळून गेला की मातीत बारीक पोकळ्या राहतात, त्यामुळे भिंत उष्णता कमी पिते. हे सगळं पाणी घालून तुडवायचं आणि ओल्या पोत्याखाली दोन दिवस मुरू द्यायचं. न मुरवता घातलेली चूल हमखास तडकते.

भिंत चार बोटं जाड. चुलीचं पोट आतून वीतभर रुंद, तळापासून भांड्याच्या बुडापर्यंतची उंची साधारण १५ सेंटिमीटर. उंची याहून वाढली की ज्योत बुडापर्यंत पोचत नाही. कमी झाली तर ज्योत वाढायच्या आधीच गार भांड्यावर आपटते आणि काजळी धरते. तोंड १५ सेंटिमीटर रुंद आणि १२-१३ उंच. भांडं टेकायला वर तीन उंचवटे करायचे, चार नाहीत: तीन ठिकाणी टेकलेलं भांडं कधीच डुगडुगत नाही. उंचवट्यांची उंची बोटाच्या जाडीएवढी, म्हणजे दीड सेंटिमीटरच्या आत. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. जाळ दिसावा म्हणून लोक उंचवटे दोन-तीन इंच करतात. मग तापलेली हवा भांड्याला न चिकटता मोठ्या फटीतून सरळ निसटते. उंचवटे अगदी सपाट ठेवले तर हवेला वाट राहत नाही, आणि धूर पुढच्या तोंडातून तुमच्याकडे वळतो.

वैल, म्हणजे चुलीला जोडलेलं दुसरं लहान तोंड, करायची असेल तर चुलीच्या मागच्या बाजूने सात-आठ सेंटिमीटर व्यासाचा बोगदा वर चढता न्यायचा. बोगदा आडवा किंवा खाली उतरता झाला तर जाळ तिकडे जातच नाही. वैलीचं पोट उथळ ठेवायचं, आठ-दहा सेंटिमीटर, कारण तिथे सरपण घालायचं नसतं, चुलीतून उरलेली धग घ्यायची असते. ओल्या मातीत बोगदा करताना आत केळीच्या सोपाचा दांडा किंवा गुंडाळलेलं पोतं ठेवून वरून माती लिंपावी आणि थोडी वाळल्यावर हळूच ओढून काढावं.

चूल सावलीत आठ-दहा दिवस वाळवा. उन्हात ठेवली तर बाहेरची कड आधी आकसते आणि उभी भेग जाते. बारीक भेगा आल्या तर त्याच मातीच्या पातळ गाऱ्याने भरून घ्यायच्या. पहिल्या दिवशी फक्त काटक्यांचा हलका जाळ, अर्धा तास. दुसऱ्या दिवशी थोडा मोठा. पहिल्याच दिवशी मटण चढवलं तर भिंतीतलं पाणी वाफ होऊन ढलपे सोडवतं. त्यानंतर रोज नाही तरी दोन-तीन दिवसांआड माती-शेणाच्या पोतेऱ्याने चूल सारवत राहिलात तर ती वर्षानुवर्षं टिकते. सारवण थंड चुलीवरच.

पेटवताना बरेच जण चूल ठासून भरतात आणि वर रॉकेल ओततात. रॉकेल जळून जातं, लाकूड तसंच राहतं. त्याऐवजी कालची राख काढा, पण सगळी नाही. तळाला दोन बोटं राख राहू द्या. ती खालची गार जमीन झाकते आणि निखाऱ्यांना गादी होते. दोन मनगटी फाटी पोटाच्या दोन बाजूंना, मध्ये थोडी जागा सोडून आडव्या न ठेवता आत जाणाऱ्या ठेवा. त्या मधल्या जागेत मूठभर तुराटीचे तुकडे किंवा वाळलेली चिपाडं सैल ठेवा. घट्ट दाबली तर पेटणार नाहीत. त्यावर करंगळीएवढ्या काटक्या एकमेकींवर आडव्या-तिडव्या. काडी खालून, पुढच्या बाजूने लावा. पहिली दोन मिनिटं हात लावू नका. काटक्यांनी तडतड सुरू केली की अंगठ्याएवढी दोन लाकडं वर द्या, आणि ती पेटली की दोन्ही फाटींची टोकं मध्ये आणून भिडवा. एकटं लाकूड विझतं, भिडलेली दोन एकमेकांना तापवत राहतात. भांडं चढवायचं ते यानंतर. गार पातेलं सुरुवातीच्या नाजूक जाळावर ठेवलं की तो तिथेच मान टाकतो.

फुंकणी कशी फुंकावी, यालाही पद्धत आहे. ज्योतीवर फुंकलं तर ज्योत विझते आणि राख उडते. फुंकणीचं तोंड निखाऱ्याच्या मुळाशी, चार बोटं अंतरावर धरा आणि लांब, संथ फुंका. निखारा लाल होऊन पिवळट झाला की थांबा. श्वास नेहमी फुंकणीपासून तोंड बाजूला करून घ्यायचा. सारखं फुंकावं लागत असेल तर दुखणं फुंकणीने जाणार नाही: लाकूड ओलं आहे, राख साठली आहे, किंवा तोंड भरून गेलं आहे.

तोंड भरणं ही तर रोजची चूक. चुलीच्या तोंडाचा खालचा अर्धा भाग लाकडांसाठी, वरचा अर्धा हवेसाठी मोकळा. दोन किंवा तीन फाटी पुरेत. त्या जळत जातील तशा पुढे सारायच्या. जळणारं टोक नेहमी पातेल्याच्या बरोबर मध्याखाली. जाळ कमी करायचा असेल तर फाटी मागे ओढायच्या, पाणी शिंपडायचं नाही. पाणी शिंपडलेला जाळ पुढची दहा मिनिटं धूर देतो. ओढलेली जळती फाटी तोंडाबाहेर तशीच धुमसत ठेवली तरी तेच. तिचं टोक राखेत खुपसा, विझते.

चुलीवर स्वयंपाकाचा क्रम गॅससारखा मनाला येईल तसा लावता येत नाही. जाळाच्या वयाप्रमाणे लावावा लागतो. जाळ नवा आणि उंच असतो तेव्हा पाणी उकळायचं, डाळीचं आधण ठेवायचं. पंधरा-वीस मिनिटांनी खाली निखाऱ्यांचा थर जमतो आणि ज्योत स्थिर होते, तेव्हा फोडण्या, भाज्या. निखारे भरपूर आणि जाळ मध्यम असतो, ती भाकरीची वेळ. जाळ संपून नुसते निखारे उरले की भात मुरवायचा, दूध ठेवायचं. आणि शेवटी राखेत मिसळलेला विस्तव, म्हणजे फुफाटा, त्यात रताळी, कांदे, लसणाचे गड्डे. हा क्रम पाळला तर एकाच सरपणात सगळं होतं. उलटा केला तर प्रत्येक पदार्थाला नवा जाळ घालावा लागतो.

डाळ शिजत नाही म्हणून जाळ वाढवण्यात अर्थ नाही. उघड्या भांड्यातलं पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांवर उकळतं आणि तिथेच थांबतं; खाली कितीही जाळ घातला तरी ते जास्त तापत नाही, फक्त लवकर आटतं. महाबळेश्वरच्या उंचीवर तर ते ९५-९६ अंशांवरच उकळतं, तिथे डाळीला वेळ जास्त लागणारच. उकळी आली की निम्मी लाकडं मागे ओढा, झाकण ठेवा. तूरडाळ तासभर आधी भिजवलेली असेल तर वाटीला साडेतीन ते चार वाट्या पाणी पुरतं. कमी पडलं तर वैलीवरचं उकळतं आधणच घाला, गार नाही. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ मऊ झाल्यावर. आंबट आधी पडलं की डाळ टचटचीत राहते, हा अनुभव पुष्कळांना असतो पण कारण लक्षात येत नाही. विहिरीचं पाणी क्षारांचं असेल तरी तेच होतं.

मटणाला आपल्याकडची झाकणावर पाणी ठेवायची जुनी रीत चुलीवर फार उपयोगी पडते. हळद-मीठ लावलेलं मटण कांद्याच्या फोडणीत त्याच्याच सुटलेल्या पाण्यात परतायचं आणि वर खोलगट ताट ठेवून त्यात तांब्याभर पाणी ओतायचं. ताटाचा तळ त्या पाण्याने गार राहतो, आतली वाफ त्याला लागून पुन्हा थेंब होऊन खाली पडते, आणि मटण करपत नाही. ताटातलं पाणी तोवर कढत होतं. रस्सा करायला तेच घालायचं. ताटातलं पाणी हाताला चटका देईनासं झालं, म्हणजे खालचा जाळ पडला आहे, चुलीत बघा.

भातासाठी जुना तांदूळ असेल तर एकास दोन पाणी, उकळी येईपर्यंत पूर्ण जाळ, मग पाणी तांदळाच्या पातळीला आलं की सगळी लाकडं बाहेर. निखारे पसरून एकसारखे करा, झाकणावरही चार निखारे ठेवा. दहा-बारा मिनिटं झाकण काढायचं नाही.

आता भाकरी. चुलीच्या चवीचं खरं कारण इथे दिसतं. झाकलेल्या पातेल्यात धूर शिरत नाही, त्यामुळे आमटीला चुलीची चव धुराने येत नाही; ती मंद आणि सलग शिजण्याने येते. भाकरीची गोष्ट वेगळी. ती निखाऱ्यांच्या समोर उघडी उभी असते आणि निखाऱ्यांची कोरडी धग तिला सरळ लागते. तव्यावर किंवा गॅसच्या ज्योतीवर तसा पापुद्रा येत नाही.

ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा धरणारा ग्लुटेन नसतो. म्हणून पाणी कढत लागतं. त्याने पिठातला स्टार्च थोडा शिजून चिकट होतो. ताज्या दळलेल्या पिठाला विरी, म्हणजे चिकटून एकत्र राहण्याचा गुण, असते. महिनाभर डब्यात राहिलेल्या पिठाची विरी जाते आणि थापताना कडा फाटतात. त्याला उकळतं पाणी घालून उकड काढावी लागते. बाजरीत स्निग्धांश जास्त, तिचं पीठ लवकर कडवट होतं, म्हणून आठवड्याला लागेल तेवढंच दळावं.

एका भाकरीला मोठी मूठभर पीठ, म्हणजे १०० ग्रॅमच्या आसपास. वाटीभर पिठाला पाऊण वाटी पाणी, आणि मग हाताला जाणवेल तसं चमचा-चमचा. एकेका भाकरीचं पीठ वेगळं मळायचं. तळहाताच्या टाचेने परातीत पुढे रगडायचं, गोळा करायचा, पुन्हा रगडायचं. पीठ परातीला चिकटणं थांबून गोळ्यावर हलकी चमक आली की झालं. पाच-सहा भाकऱ्यांचं एकदम मळून ठेवलं तर शेवटच्या दोन कोरड्या होऊन चिरतात. गोळ्याखाली पीठ भुरभुरवून एका हाताने थापा, दुसऱ्याने कड सांभाळत फिरवा. मध्ये जाड आणि कडेला पातळ ठेवू नका. फुगताना वाफ कडेपर्यंत पोचली पाहिजे.

तवा तापलाय का, हे पाण्याच्या चार थेंबांनी कळतं. थेंब नाचून क्षणात नाहीसे झाले पाहिजेत. जागेवरच बसून उकळले तर तवा गार आहे आणि भाकरी चिकटणार. पिठाची चिमूट टाकताच काळी पडली तर लाकडं मागे ओढा. भाकरी दोन्ही हातांनी उचलून, पिठाची बाजू वर येईल अशी तव्यावर टाका आणि लगेच पाण्याचा हात सगळ्या पृष्ठभागावर फिरवा, कडेपर्यंत. हे पाणी वरचं पीठ धुऊन टाकतं आणि वरचा थर ओला, सलग ठेवतं. पाणी सुकत आलं, पण अजून ओलसर दिसतंय, तोवर उलटा. पूर्ण सुकू दिलं तर भेगा पडतात आणि त्या भेगांतून पुढे वाफ निसटते. चिकचिकीत ओली असताना उलटली तर तव्याला धरते.

ही पाण्याची बाजू तव्यावर नीट भाजू द्या, बदामी ठिपके येईपर्यंत. तोवर उलथन्याने चुलीतले निखारे तोंडाशी ओढून घ्या, मूठ-दोन मूठ, राख झटकलेले, ज्योत नसलेले. मग भाकरी काढून, आधी कमी भाजलेली बाजू निखाऱ्यांकडे करून, चुलीच्या तोंडाला टेकवून उभी करा. काही क्षणांत एका बाजूला फुगवटा येतो आणि तो वर सरकत जातो. भाकरी चतकोर-चतकोर फिरवत राहा म्हणजे तो सगळीकडे पसरतो. आतल्या ओलाव्याची वाफ दोन थर वेगळे करत असते. फुगवट्यातून कुठे शिट्टीसारखी वाफ निघाली तर तिथे चीर आहे. बोटाने किंवा फडक्याने ती जागा दाबून धरा, बाकीची भाकरी फुगते. तव्यावर तोवर पुढची पडलेली असते. भाकरी ज्योतीसमोर धरायचा मोह टाळा: बाहेर काळे डाग आणि आत कच्चं पीठ, असंच होईल. अजिबात फुगली नाही तर कारण बहुतेक वेळा तीनपैकी एक असतं: निखारे राखेने झाकलेले, पाणी कडेपर्यंत फिरवलेलं नाही, किंवा उलटायला उशीर.

खानदेशात मांडे भाजायला पालथं खापर चुलीवर घालतात, तिथे जाळ खापराच्या कडेपर्यंत पसरलेला हवा, म्हणून निखाऱ्यांपेक्षा पातळ लाकडांचा सतत जाळ लागतो. भरताची वांगीही तिकडे पऱ्हाट्यांच्या मोठ्या, झटकन जाळावर भाजतात. साल करपते आणि गर शिजतो. दोन्ही पदार्थांना बाभळीचा संथ निखारा चालत नाही. सरपण पदार्थाप्रमाणे बदलतं ते असं.

भांड्यांचं काळं होणं पूर्ण टाळता येत नाही, पण पातेलं चढवण्याआधी बाहेरून बुडाला माती आणि राखेचा पातळ लेप दिला की काजळी लेपावर बसते आणि पाण्याबरोबर निघून जाते. लेप बोटाने रेघ ओढता येईल इतका पातळ हवा; जाड लेप उष्णता अडवतो. काजळीच्या थराचंही तसंच आहे, म्हणून जुन्या पातेल्याची खरपुडी कधीतरी खरवडून काढावी.

स्वयंपाकघराच्या हवेबद्दल थोडं स्पष्ट बोललं पाहिजे. चुलीच्या धुरातले बारीक कण फुफ्फुसात खोल जातात. दम्यासारखे जुनाट श्वासविकार, लहान मुलांचा न्यूमोनिया, मोतीबिंदू यांच्याशी त्याचा संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली २४ तासांच्या सरासरीसाठी अशा कणांची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम सांगितली. बंद खोलीतल्या धुमसत्या चुलीपाशी तिच्या कितीतरी पट कण असतात. तान्ह्या मुलाला मांडीवर घेऊन चुलीपाशी बसू नये. चुलीच्या वर धूर जायला झरोका आणि समोरच्या भिंतीत खाली हवा यायला वाट, दोन्ही हव्यात. एकच असेल तर उपयोग अर्धाही होत नाही. धुराडं बसवलं तर चार इंची, छपराच्या वर किमान दोन फूट, आणि महिन्यातून एकदा आतून झाडलेलं. काजळीने अरुंद झालेलं धुराडं धूर परत घरात ढकलतं.

केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ साली सुरू झाला आणि २००२ मध्ये थांबला. पुण्याच्या ॲप्रोप्रिएट रुरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, म्हणजे 'आरती'ने, सुधारित चुलींवर बरंच काम केलं. साध्या चुलीत लाकडातल्या उष्णतेपैकी शंभरातले जेमतेम दहा-पंधरा भाग भांड्यात जातात. उचलून नेता येणाऱ्या चुलींसाठीच्या भारतीय मानकात, आयएस १३१५२ (भाग १) : २०१३, हेच प्रमाण नैसर्गिक हवेच्या चुलीला किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीला ३५ टक्के मागितलेलं आहे. नवी चूल विकत घेणार असाल तर या मानकाची खूण बघून घ्या. मातीच्याच चुलीत सुधारणा करायची असेल तर तळाशी लोखंडी जाळी बसवून खालून हवा येऊ देणं ही सगळ्यात स्वस्त सुधारणा. जाळीखाली चार बोटं पोकळी ठेवा आणि तिथली राख रोज काढा; राख भरली की जाळी असून नसल्यासारखी.

जेवणं झाल्यावर विस्तव राखायचा असेल तर मोठे निखारे मागच्या कोपऱ्यात एकत्र ढकला, त्यांत गोवरीचा एक तुकडा खुपसा आणि वरून राखेची जाड चादर घाला. हवा कमी मिळते, विस्तव सकाळपर्यंत जगतो. सकाळी राख बाजूला करून वाळकी चिपाडं ठेवली की दोन फुंकरांत पेटतो. पण ही चूल झोपायच्या बंद खोलीत असू नये, आणि थंडीत निखाऱ्यांची शेगडी दार-खिडकी लावून उशाशी घेऊन तर कधीच झोपू नये. निखारे धूर करत नाहीत म्हणून ते निरुपद्रवी वाटतात. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि झोपलेला माणूस उठतच नाही.

राखेचं शेवटचं काम उरतं. ती भांडी घासायला चालते, कारण तिच्यातला क्षार तेलकटपणा काढतो. चाळून कडधान्यात मिसळली तर किडीपासून राखण होते. वाफ्यात घालायची तर मूठ-मूठ पसरून, ढीग करून नाही. मात्र उचलल्या उचलल्या उकिरड्यावर किंवा कडब्याजवळ टाकू नका. वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतो. पत्र्याच्या डब्यात भरून, झाकण लावून, मोकळ्या जागी दोन दिवस ठेवा आणि मग हात घालून बघा.